खुलासा: घरी बसवल्याने व्यसन सुटत नाही

‘दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडला की मुलाला शाळेतून काढा, बाकीची आपोआप सरळ होतात’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाच्या २००८ सालच्या अहवालात अशा धोरणाने शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

तेरा वर्षांचं पोर दिवसभर घरी एकटं, हातात फोन. ते जाणार कुणाकडे? ज्याने व्हेप दिला, त्याच्याकडेच! निकोटिनची सवय या वयात फार लवकर जडते. मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. व्हेप जप्त करा, पालकांना बोलवा. पण समुपदेशकाने शांतपणे विचारावं, ‘कधी ओढावंसं वाटतं?’ उत्तर ‘परीक्षेआधी’ असेल तर मदत वेगळी, ‘मित्रांसमोर’ असेल तर वेगळी.