हरणाचं मुंडकं आणि आमचा ऊस

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यानंतर तोच वाद. आजऱ्याकडे गव्यांनी ऊस तुडवला, डुकरांनी भुईमूग उकरला की फोटो येतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, "अमेरिकेत बघा, परवाना काढून शिकार करू देतात. तिकडं ह्यो प्रश्नच न्हाई." मग अंगठ्यांची रांग. यंदा त्या रांगेत आमचा दादाही होता, म्हणून लिहायला बसलो.

मी राहतो त्याच अमेरिकेत. विस्कॉन्सिन, मॅडिसनच्या पश्चिमेला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी पहाटे हरणांवर बंदुकांचे बार सुरू होतात ते नऊ दिवस. ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पेट्रोल पंपावर सगळे शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांत. शिकार उघडायची म्हणजे याहून किती उघडायची? तरी आमच्या भागातली हरणं मेंदूच्या रोगाने मरतायत.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथे सगळे सीडब्ल्यूडीच म्हणतात. यात ना जिवाणू, ना विषाणू. शरीरातलंच एक प्रथिन उलटी घडी घालून घेतं, त्याला प्रायॉन म्हणतात, आणि ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तीच घडी घालायला लावतं. मेंदूला स्पंजासारखी छिद्रं पडतात. कित्येक महिने हरिण धडधाकट दिसतं आणि लाळेतून, लेंड्यांतून रोग वाटत हिंडतं. शेवटी फासळ्या वर येतात, कान पडतात, माणसाची भीती जाते. माती वर्षानुवर्षं बाधित राहते. मांस कितीही शिजवा, प्रायॉन मरत नाही. तो मुळात जिवंतच नाही. माणसाला झाल्याची सिद्ध नोंद नाही, तरी बाधित मांस खाऊ नका असं सरकार सांगतं, कारण गाईंच्या अशाच रोगाचं माणसांत येणं ब्रिटनने १९९६ साली पाहिलंय. अल्झायमर, पार्किन्सनवाले शास्त्रज्ञही या हरणांकडे डोळे लावून असतात. बिघडलेलं प्रथिन एका पेशीतून दुसरीत कसं जातं, हाच त्यांचाही प्रश्न.

हा रोग पहिल्यांदा दिसला १९६७ साली, कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त हरणांत. तो मेंदूचा आहे हे एलिझाबेथ विल्यम्स यांनी ओळखायला आणखी दहाएक वर्षं गेली. आमच्याकडे तो फेब्रुवारी २००२ मध्ये माउंट होरेबजवळ सापडला, आदल्या नोव्हेंबरात मारलेल्या तीन नरांत. सरकारने ठरवलं, त्या पट्ट्यातली हरणं संपवूनच टाकायची. बंदुका होत्या, परवाने होते, शिकारी हजारोंनी होते. पण शिकारीच तयार होईनात. जमीनमालकांनी फाटकं लावून घेतली. काही वर्षांत सरकारने नाद सोडला. आज काही भागांत तपासलेल्या मोठ्या नरांपैकी निदान तिसरा हिस्सा बाधित निघतो. रोग बंदुकीने आणला नाही, पण बंदुकीला तो संपवताही आला नाही, एवढंच त्या अंगठेवाल्यांना सांगायचंय.

उपयोगी पडलं ते भलतंच कंटाळवाणं काम. हरणाचं मुंडकं चार बोटं मानेसकट पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा, रस्त्याकडेच्या कियॉस्कमध्ये, म्हणजे नमुने जमा करायच्या पेटीत, टाकून यायचं. लॅबवाले घशामागच्या लसिका गाठी काढून तपासतात. हजारावर हरणं, कोल्ह्यासारखे कायोटी, रानमांजरं पकडून, पट्टे बांधून, कोण कधी कशाने मेलं हे वर्षानुवर्षं मोजलं. मी दादाला फोनवर हेच ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. "इथे आधी मोजतात, मग बोलतात."

दादा शांतपणे म्हणाला, "आन् दोडामार्गात माकडं मरायला लागली तवा नमुने कुणी न्हेले? तुझ्या बाऽनं?"

खरंय. २०१६ साली आमच्या घाटाखालीच, दोडामार्गात, माकडतापाने माणसं गेली आणि मेलेली माकडं ही त्याची पहिली खूण होती. त्या तापाचा विषाणू तर पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेने १९५७ सालीच शिमोग्याच्या जंगलात शोधलेला, कोलोरॅडोच्या दहा वर्षं आधी. हे मला ठाऊक होतं. माझ्या मुद्द्याला अडचणीचं, म्हणून बोललो नव्हतो.

"तुज्या हरणांचं ऱ्हाऊ दे," तो पुढे म्हणाला. "रातभर माळ्यावर पत्र्याचा डबा बडवत कोण बसालंय?" तोच बसतो. सातबाऱ्यावर नाव दोघांचं.

आता एक सांगतो, जे ग्रुपवर लिहिलेलं नाही. शेजारचा म्हातारा दर डिसेंबरला हरणाचं सॉसेज आणून देतो, पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर मार्करने तारीख. मुंडकं तो कियॉस्कमध्ये टाकत नाही. "वीस वर्षं खातोय, काय झालं?" म्हणतो. आम्ही इथे आलो तेव्हा गल्लीत पहिला तोच दारी आला, बर्फ उडवायचं यंत्र, स्नो ब्लोअर, घेऊन. तपासलंय का, हे मी त्याला एकदाही विचारलेलं नाही. विचारलं तर मी बाहेरचा ठरेन असं वाटतं. मी ते सॉसेज घेतो, थँक यू म्हणतो, पॅकर्सविषयी, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाविषयी, दोन वाक्यं बोलतो. पहिल्या वर्षी त्याच्यासमोरच दोन तुकडे खाल्ले. तेव्हापासूनची पुडकी गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये तळाशी आहेत. बायको दर उन्हाळ्यात विचारते, टाकू का. मी म्हणतो, राहू दे.