जीपची आंघोळ

आमच्याकडे एक जीप आहे. महिंद्रा एमएम 540, डिझेल, फोर बाय फोर, 1994 च्या डिसेंबरची. अण्णांनी नाशिकला मखमलाबादच्या मळ्यासाठी घेतलेली, तेव्हापासून तिने द्राक्षाचे क्रेट ओढले, औषधाचे ड्रम ओढले, एकदा चिखलात रुतलेला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर ओढला आणि आत्याच्या लग्नात अर्धं वऱ्हाडही ओढलं. सातपूरला फॅक्टरीतून हिची नातवंडं, म्हणजे नव्या कोऱ्या थार, ट्रेलरवर बसून बाहेर पडतात तेव्हा मी त्र्यंबक रोडला मुद्दाम हळू घेतो. म्हटलं बघा पोरांनो, तुमची आजी अजून स्वतःच्या पायाने फिरते. (हळू घेतो म्हणजे काय, 60 च्या वर गेलं की बोनेट थरथरतं, पण ते असो.)

तर पासिंग. प्रायव्हेट गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, मग दर 5 वर्षांनी रिन्यू करायची, म्हणजे गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. 2009, 2014, 2019 असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा जीप पहिल्या फटक्यात नापास. आता तुम्ही म्हणाल जुनी गाडी, होणारच. तसं नाहीये ना. जे बिघडलंय ते तिथे व्यवस्थित चालतं आणि जे आयुष्यात कधी बिघडलं नाही ते तिथे साहेबांसमोर मान टाकतं. 2009 ला हँडब्रेकचं टेन्शन होतं, हँडब्रेक टकाटक लागला आणि चांगला चालणारा हेडलाइट गेला. 2014 ला हेडलाइटचे दोन जादा बल्ब खिशात घेऊन गेलो तर वायपर सुटून समोरच्या रिक्षाच्या टपावर जाऊन पडला. 2019 चं सांगत नाही, त्यात माझी पण थोडी चूक होती.

त्यामुळे 2024 च्या डिसेंबरात मी ठरवलं की या वेळी मिस्त्रींच्या हातात गाडी द्यायची आणि आपण डोकं चालवायचं नाही. हे मिस्त्री अण्णांच्या वेळेपासूनचे. त्यांनी चार दिवस गाडी ठेवून घेतली, टायरॉड एंड बदलले, पाट्यांचे बुश बदलले, ब्रेकचे लायनर टाकले, चारही ड्रम सेट केले, आणि म्हणाले, "उद्या आधी पीयूसी करून घ्या. पण गार गाडी नेऊ नका, सावळ घाटापर्यंत एक चक्कर मारून आणा, गरम होऊ द्या चांगली, मग धूर कमी येतो." त्यात तथ्य आहे बरं का. डिझेलच्या पीयूसीला नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि ॲक्सिलरेटर फुल दाबायला लावतात, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना धुराचं लिमिट 65 एचएसयू (हे धुराच्या गडदपणाचं माप), आणि जीपच्या गार प्यूजो इंजिनाला सकाळी सकाळी असं दाबलं की आख्ख्या पंचवटीत धुकं पडतं. मी घाटापर्यंत गेलो आलो, पीयूसी पास. इतका आनंद झाला की तिथेच माती खाल्ली.

म्हणजे झालं काय, पासिंगच्या दिवशी सकाळी 7 ला निघालो, कडाक्याची थंडी, इंजिनाचा हिटर दोनदा मारला तेव्हा कुठे जीप चालू झाली. आणि दिंडोरी रोडला एक वॉशिंग सेंटर उघडं दिसलं. मनात आलं की आजवर आपण ही गाडी साहेबांसमोर कायम शेणामातीत माखलेली नेली, छाप काय पडणार? माणूस इंटरव्ह्यूला आंघोळ करून जातो की नाही? आत घेतली. तिथल्या पोराने प्रेशरची नळी हातात घेतली आणि जीपकडे असं बघितलं जसं काही तो आयुष्यभर हिचीच वाट बघत होता. वरून मारलं, खालून मारलं, चाकांत मारलं, आणि मी चहा पीत असताना आतूनही मारलं. पाऊण तासात जीपचा मूळ रंग दिसला. मला तर तो रंग आठवतच नव्हता. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, बायकोचा रिप्लाय आला, "कोणाची आहे?"

तिथून निघालो तर वळणावर जीप अडखळत होती, स्टेअरिंग जड, टायर चिरचिर करतायत. मला वाटलं थंडी आहे.

लाइनीत नंबर यायला दोन तास. पुढे एक थारवाला पोरगा, नवी गाडी घेऊन तिथे का आला तर नंबर प्लेटचं काहीतरी, तो येऊन म्हणतो, "काका, द्यायची का?" मी म्हटलं पास झाली तर नाही.

मग रोलर. ब्रेक बघायला पुढची चाकं दोन रोलरच्या मध्ये उभी करतात, मोटर रोलर फिरवते, चाकं जागच्या जागी फिरतात, तुम्ही ब्रेक दाबायचा आणि किती जोर लागतो ते मशीन सांगतं. मी गाडी न्यूट्रल केली, हात सोडून रुबाबात बसलो. ऑपरेटरने बटण दाबलं, पुढची चाकं फिरली, आणि जीप रोलरवरून शांतपणे उतरून चालायला लागली. न्यूट्रलमध्ये! ऑपरेटर ओरडतोय ब्रेक ब्रेक, मी घाबरून हॉर्न दाबला. जीप पुढच्या खांबाच्या वीतभर अलीकडे थांबली आणि हॉर्न काही थांबला नाही, कारण बटणात पाणी गेलेलं. मी बोट काढलं, बटण उपटलं, तरी चालूच. शेवटी त्या थारवाल्याने बोनेट उघडून वायर ओढली.

कारण नंतर कळलं. आत पाणी मारताना की पुसताना त्या पोराचा धक्का लागून फोर व्हीलचा दांडा, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडणारा, पडला होता. म्हणजे रोलरने पुढची चाकं फिरवली, ती शाफ्टमधून मागच्या चाकांना फिरवतायत, आणि मागची चाकं तर जमिनीवर, ती बिचारी आपलं काम करणारच. वळणावर अडखळत होती ती पण त्याचमुळे. तीस वर्षं जीप चालवतोय आणि मला थंडी वाटली.

दांडा मागे घेऊन परत रोलरवर, तर डावा ब्रेक एक सांगतो, उजवा दुसरंच. ड्रममध्ये पाणी. साहेब स्वतः शेजारी बसले, म्हणाले मैदानात एक राउंड मारू. वेग घेतला, ब्रेक दाबला, जीप नमस्कार केल्यासारखी डावीकडे वळून उभी राहिली. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर लिहायला पेन काढलं, ते हातातून सटकलं, खाली फ्लोअरवर पडलं आणि नाहीसं झालं. आम्ही दोघांनी वाकून बघितलं. पत्र्याला अंगठा जाईल एवढं भोक, आणि भोकातून खालची जमीन, आणि जमिनीवर पेन. वर्षानुवर्षांच्या चिखलाने ते भोक बुजवून ठेवलं होतं हो, आणि मी दीडशे रुपये देऊन ते उघडं केलं.

"पत्रा बघून घ्या," साहेब म्हणाले आणि पेन उचलायला उतरले.

रात्री इंग्लंडमधल्या आत्तेभावाला फोन केला. त्याच्याकडे 1995 ची लँड रोव्हर डिफेंडर आहे, आणि तिकडे दरवर्षी टेस्ट असते, एमओटी म्हणतात. तो हसून हसून लोळला, मग म्हणाला की माझी तर कायमच फोर व्हीलमध्ये असते, तिला रोलरवर घेतच नाहीत, मीटर लावून रस्त्यावर ब्रेक मारून बघतात. आणि म्हणे माझ्या गाडीचा नंबर इंटरनेटवर टाक, सगळी हिस्टरी दिसेल. टाकला. कुठल्या वर्षी पास, कुठल्या वर्षी नापास, का नापास, किती मैल, सगळं गावासमोर मांडलेलं! चासी गंजली म्हणून दोनदा नापास (बॉडी ॲल्युमिनियमची, पण चासी लोखंडाची, आणि तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात). शिवाय पास केली तरी खाली ॲडव्हायझरी म्हणून लिहितात, म्हणजे आत्ता चालेल पण लक्ष असू द्या. आपल्याकडे हे काम सासरे करतात.

पण मला जळवलं ते पुढच्या गोष्टीने. तिकडे गाडी 40 वर्षांची झाली आणि तिच्यात फार फेरफार केले नसतील तर टेस्टच नाही, 2018 पासून. माणसाचं चाळिशीनंतर बॉडी चेकअप सुरू होतं आणि यांच्या गाडीचं बंद. आपल्याकडे 50 झाली की व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, तेल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची. म्हणजे 2044 ला जीप देवघरात. तोवर माझी पण तीच कंडिशन असेल, दुरुस्ती आणि तेल.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चकचकीत जीपभोवती एक फेरी मारली, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "धुतली?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा पण त्यांनी असंच केलं होतं.

पत्र्याला पॅच मारून वेल्डिंग केलं, ड्रम उघडून वाळवले, हॉर्नचं बटण नवीन. आणि म्हणाले, आता आठ दिवस मळ्यावर चालवा, पाण्याला हात लावू नका. आठ दिवस फवारणीचे ड्रम वाहिले, पाटाच्या कडेने नेली, परत तो ओळखीचा रंग आला. फक्त चासी नंबरचा पेन्सिलने छाप घ्यावा लागतो म्हणून तेवढी जागा रॉकेलच्या फडक्याने पुसली. सगळी गाडी मातकट आणि तेवढाच एक चौकोन चकाचक, गंध लावल्यासारखा.

रोलरवर चढली, जागेवर उभी राहिली, दोन्ही ब्रेक एका सुरात. हॉर्न वाजला आणि मुख्य म्हणजे थांबला. मैदानात साहेबांसोबत राउंड, सरळ रेषेत ब्रेक. साहेबांनी पाय आपटून पत्रा बघितला. पेन या वेळी त्यांनी घट्ट धरलेलं.

सही करून त्यांनी फाईल माझ्याकडे दिली, पँटला लागलेली माती झटकली आणि म्हणाले, "गाडी चांगली ठेवलीये हो. फक्त पुढच्या वेळी आणताना जरा धुऊन आणा."

मी म्हटलं, हो साहेब.