3 महिन्यांत प्रोजेक्ट मॅनेजर? आधी टेकू मोजा

सिव्हिलवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, की उन्हात कशाला करपताय, 3 महिने प्रायमाव्हेरा (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) शिका, एसीत बसून प्रोजेक्ट मॅनेजर व्हा, क्वांटिटी-बिलं ही ज्युनिअरची कामं, आणि काम मागं पडलं तर लेबर वाढवा, बास. फ्रेशर पोरं हे खरं मानून फी भरतायत म्हणून लिहितोय.

प्रायमाव्हेरा मीपण रोज वापरतो, भांडण त्याच्याशी नाही. पण ते करतं काय, तर तुम्ही दिलेले दिवस आणि तुम्हीच सांगितलेला क्रम यांचा हिशोब. आमच्याकडं एका नव्या पोरानं चार्ट केला, सोमवारी स्लॅब, गुरुवारी शटरिंग काढलं, शुक्रवारी खाली वीटकाम. दिसायला झकास! आता आयएस 456 बघा, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, साधं ओपीसी सिमेंट असेल तर स्लॅबखालच्या शटरिंगच्या प्लेटा 3 दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच परत लावायचे या अटीवर, आणि ते टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला 7 दिवस, त्यापुढं 14, आणि 6 मीटरच्या वरच्या बीमखाली तर 21 दिवस हलवायचे नाहीत. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असलं की अजून थांबा. म्हणजे दर 10 दिवसांनी स्लॅब टाकायचा तर बीमखालचे टेकू एका वेळी 3 मजल्यांवर अडकून पडणार, तेवढे सेट भाड्यानं आणायचे कुणाच्या पैशानं? हे सॉफ्टवेअर विचारत नाही, सेंट्रिंगवाला विचारतो.

बिलं ज्युनिअरची म्हणे. प्लास्टरमध्ये 1.2 बाय 1.2 ची खिडकी, म्हणजे 1.44 चौरस मीटर, वजा किती करायची? मोजमापाचं मानक आयएस 1200, त्याप्रमाणं 0.5 ते 3 चौरस मीटरच्या ओपनिंगला दोन्हीकडं सारखं प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं वजा, कारण आतल्या कडांचं प्लास्टर वेगळं धरत नाहीत. हे माहीत नसलेला मॅनेजर दोन्ही बाजू कापतो, मग ठेकेदार काम बंद करतो, आणि चार्टात ते "लेबर शॉर्टेज" म्हणून लागतं 😄

लेबर वाढवायचं तर आधी फ्लोट, म्हणजे त्या कामाला असलेली सवड, बघा ना. ज्या कामाला 8 दिवस सवड आहे तिथं गँग डबल केली तर पैसे गेले, तारीख जागच्या जागी. आणि क्युरिंगला, म्हणजे पाणी मारायला, चार माणसं जास्त लावली म्हणून काँक्रीट लवकर पिकत नाही. कोकण रेल्वेची 741 किलोमीटरची लाइन, पण गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती खाली येत राहिली आणि शेवटी सगळं तिथंच अडलं, तिथं माणसं वाढवून काय झालं असतं?

सर्टिफिकेटचं थोडक्यात, डिग्रीवाल्याला पीएमपीला, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला, बसायलाच 36 महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो.

मेसेजमधलं एक मात्र खरंय, साइटवर पोरांना रविवार नसतो, पगार तुटपुंजा, राग येणारच. पण फी भरायच्या आधी एका स्लॅबचं बीबीएस (कुठली सळई किती लांबीची, किती नग याचा तक्ता) हातानं करून बघा, स्टील उतरलं की गाडीबरोबरच्या चलनाशी ताडा. तो चार्टवाला पोरगा आता तेच करतोय, परवा सेंट्रिंगवाल्यालाच अडवत होता, "बीम साडेसहाचा आहे मामा, आज सतरावाच दिवस."