शॉर्टवेव्हसाठी ३० मीटर तार लागतेच, हा गैरसमज

शॉर्टवेव्हवर दूरदेशीची रेडिओ केंद्रे ऐकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश वारंवार येत असतो. त्याचा आशय असा: किमान ३० मीटर लांब, जाड, उघडी तांब्याची तार एरियल म्हणून पूर्व-पश्चिम बांधा, तार जितकी लांब तितके केंद्र स्पष्ट, रेडिओची अर्थिंगची वायर भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला जोडा, आणि अरेस्टर (विजेचा दाब जमिनीत उतरवणारे उपकरण) बसवला की पावसाळ्यातही निर्धास्त राहा. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे एका घराची गच्ची संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते, तिथे हे वाचणारा माणूस ३० मीटर जागा कुठून आणणार? तो नादच सोडून देतो, आणि याचेच मला मनापासून वाईट वाटते, कारण यातली बहुतेक विधाने चुकीची आहेत आणि दोन तर धोकादायक आहेत.

आधी लांबीचे पाहू. ३१ मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातली केंद्रे साधारण ९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास लागतात, म्हणजे तिथे पाव तरंगलांबी जेमतेम ८ मीटर भरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या लहरींवर आकाशातून आणि वस्तीतून येणारी खरखर रेडिओच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा जास्त असते. ती एकदा ऐकू येऊ लागली की तार आणखी वाढवल्याने केंद्र आणि खरखर दोन्ही सारखीच मोठी होतात, स्पष्टता तेवढीच राहते. याची परीक्षा कोणालाही घेता येते. रात्री रिकाम्या जागी काटा ठेवावा आणि तार काढून पुन्हा लावावी. लावल्याबरोबर सळसळ ठळकपणे वाढली, तर तार पुरेशी आहे. १० ते १५ मीटर तारेने हे बहुधा साधतेच. उलट साध्या खिशातल्या संचाला फार लांब तार जोडली, तर रात्री बलवान केंद्रे एकमेकांत मिसळून जिथे नाहीत तिथेही ऐकू येऊ लागतात.

मग स्पष्टता कशाने येते? घरातल्या गोंगाटापासून तार दूर ठेवल्याने. माझी पहिली तार १२ मीटरचीच होती, पण तिचे टोक खिडकीतून आत, एलईडी ट्यूब आणि राउटरच्या शेजारून रेडिओपर्यंत आले होते. सगळा पट्टा भुणभुणत असे. एका संध्याकाळी वीज गेली, सेलवर चाललेला रेडिओ क्षणात शांत झाला, आणि १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राची सेकंदासेकंदाची टिकटिक स्वच्छ ऐकू आली. तार तीच, लांबी तीच. फक्त चार्जर, दिवे आणि इन्व्हर्टरचे चार्जिंग बंद झाले होते.

त्यानंतर मी तारेचे टोक गच्चीच्या पलीकडच्या कठड्यावर नेले आणि तिथून खाली डिशची साधी केबल आणली. जोडणीच्या ठिकाणी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर दोन वेगळी वेटोळी आहेत: ९ वेढ्यांचे वेटोळे तार आणि जमीन यांच्यामध्ये, ३ वेढ्यांचे केबलच्या गाभ्याला आणि जाळीला. वेढ्यांचे प्रमाण ३, म्हणून अवरोधाचे (इम्पीडन्सचे) त्याचा वर्ग, म्हणजे ९. तारेचा काहीशे ओहमचा अवरोध केबलला साधारण जुळतो. दोन्ही वेटोळ्यांना एकमेकांशी जोडू नये, कारण घरातला गोंगाट केबलच्या जाळीवरून चढून तारेत शिरतो तो याच वाटेने. जमिनीसाठी सळई रोवावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा सळईच्या बुडाशी अधूनमधून पाणी घालावे. सळई जमत नसेल, तर गच्चीच्या फरशीवर पाच-सहा मीटर तार पसरली तरी काम भागते.

जाडी, उघडेपणा आणि दिशा यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नुसत्या ऐकण्यासाठी तारेतून वाहणारा प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे जाडी फक्त वाऱ्यात तुटू नये एवढीच पाहावी. प्लास्टिकच्या आवरणातून लहरी आरपार जातात. आणि एवढ्या आखूड तारेला दिशेचे फारसे पडलेले नसते.

तिसऱ्या पिनेचा सल्ला मात्र कोणीही पाळू नये. जुन्या घरांत ती पीन कित्येकदा जमिनीपर्यंत पोचलेलीच नसते, आणि गिझर किंवा फ्रीजमधून गळती झाली, तर तीच वीज रेडिओच्या धातूच्या भागावर आणि कानातल्या हेडफोनपर्यंत येऊ शकते. शिवाय वीजउपकरणांच्या आतले फिल्टर आपली खरखर याच वायरीत सोडतात, म्हणजे जो गोंगाट टाळायचा तोच आपण हाताने रेडिओत आणतो.

अरेस्टर जवळपास पडलेल्या विजेने तारेत चढणारा दाब काहीसा उतरवतो. थेट पडणारी वीज तो थोपवत नाही. तार विजेच्या खांबांपासून इतकी दूर असावी की तुटून पडली तरी त्यांच्या तारांना लागणार नाही, आणि ती गल्लीवरून आडवी कधीच नेऊ नये. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दिसू लागले की पहिला गडगडाट होण्याआधीच मी केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकतो, आणि आकाश पूर्ण निवळेपर्यंत ती तिथेच राहते.