गरम पाण्याला लिथियम कशाला? 'सोलरवाल्यांपासून सावधान'ला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला: वाड्याच्या ग्रुपवर, देवळाच्या महाजनांच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून, आणि शेवटी सख्ख्या मावसभावाकडून, "खरं काय रे हे?" या प्रश्नासकट. मथळा 'सोलरवाल्यांपासून सावधान!' आणि खाली लाल ठिपके लावून मुद्दे. म्हणणं थोडक्यात असं: एका सिलिंडरइतकी उष्णता विजेतून काढायला 500 युनिट लागतात, गोव्यात पावसाचे चार महिने सोलर बंदच असतो, लाईट गेली की छपरावरचा सोलरही जातो, बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते, नाहीतर पेटते, जर्मनीसुद्धा सोलर सोडून गॅसवर परतली, तेव्हा मुकाट्याने गॅस गिझर लावा, तो स्वस्त आणि बिनधोक.

मी सोलर विकत नाही. फोंडा तालुक्यातल्या माझ्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनल आहेत, 5 युनिट मावणारी लिथियम बॅटरी आहे, आणि स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडरही आहे. त्यामुळे मला कोणाचीच बाजू घ्यायची नाही, फक्त हिशेब घालायचा आहे.

500 युनिटांपासून सुरुवात करतो, कारण ती थाप सगळ्यात सहज पकडता येते. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो गॅस असतो. किलोभर गॅस जळला की साधारण 12.8 युनिट उष्णता निघते. म्हणजे अख्खा सिलिंडर, कणभरही वाया न घालवता, 180 युनिटांच्या आसपास. त्यातून 500 कुठून काढणार? बरं, शेगडीवर भांड्याच्या कडेने वर निघून जाणारी आच कोणाची पेज शिजवत नाही. चांगल्या शेगडीतसुद्धा तिसरा हिस्सा असाच जातो. इंडक्शनवर हीच नासाडी पंधरा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनचे फार तर 140 युनिट. तुमच्या बिलावरचा दर घालून गुणाकार करा आणि सिलिंडरच्या पावतीशेजारी ठेवून बघा. गोव्यातले घरगुती दर महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी, त्यामुळे खालच्या टप्प्यातल्या घराला पॅनल न लावताही इंडक्शन परवडतो. याच स्वस्ताईची दुसरी बाजू म्हणजे सोलरला घातलेले पैसे वसूल व्हायला आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या घरापेक्षा जास्त वर्षं लागतात. सोलरविरुद्धचा हा खरा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याला सुचलाच नाही. घ्या, माझ्याकडून फुकट.

भाकरी मात्र इंडक्शनवर होत नाही. बांगडा भाजायचा तर ज्योतच लागते. म्हणून सिलिंडर आहे, आणि तो पूर्वीसारखा भराभर संपत नाही.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे कोणाला शिकवायला नको. पण पॅनलला ऊन नव्हे, उजेड लागतो. ढगांतून झिरपणारा उजेडही चालतो, फक्त वीज कमी देतो. माझ्या मीटरवर एप्रिलात पावणेचारशे युनिटांच्या आसपास आकडा दिसतो. जुलैत तो दोनशेलाही टेकत नाही. म्हणजे निम्मा. निम्मा म्हणजे बंद नव्हे. नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या आणि दिलेल्या दोन्ही विजेचा हिशेब ठेवणारा मीटर, असेल तर उन्हाळ्यातले उरलेले युनिट पुढच्या बिलांत जमा होतात आणि पावसाळ्यात ते कामी येतात. शिवाय धूळ धुवायला त्या चार महिन्यांत गच्चीवर चढावं लागत नाही, हेही कोणीतरी लिहायला हवं होतं.

लाईट गेली की सोलर जातो, हे अर्धं खरं आहे. बॅटरी नसलेला, नुसता ग्रिडला म्हणजे वीजखात्याच्या तारांना जोडलेला साधा सोलर खरोखरच बंद पडतो, आणि पडायलाच हवा. नाहीतर फांदी पडून तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छपरावरून उलटी आलेली वीज झटका देईल. हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी असेल तर घर ग्रिडपासून तुटून स्वतःपुरतं चालतं. खंत एवढीच की बरेच विक्रेते हे आधी सांगत नाहीत. लोक पॅनल लावतात, पहिल्याच वादळात अंधारात बसतात, आणि मग असले मेसेज पुढे ढकलतात. त्यांचा राग मला कळतो.

गेल्या गणेश चवथीची गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, घरात वीसेक माणसं, आरती चालू, आणि वाड्यावरची वीज गेली. आमच्याकडे माटोळीवरचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीवरचा बल्बसुद्धा लुकलुकला नाही. शेजारच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, "तुमचीच कशी बरी नाही गेली?" मी भाव खात उभा होतो. चार पंखे, सात-आठ दिवे, फ्रीज, सगळं मिळून इन्व्हर्टरच्या पडद्यावर साडेतीनशे वॉट; या चालीने बॅटरी सकाळपर्यंत सहज पुरली असती. तेवढ्यात मुंबईहून आलेला भाचा आंघोळीला गेला आणि त्याने तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर लावला. एक टिक असा आवाज, आणि घर काळोखात. गजानन समईच्या उजेडात. बॅटरीत चार युनिट शिल्लक होते. पण एकदम तीन हजार वॉट ओढणं तिच्या इन्व्हर्टरच्या ताकदीबाहेरचं होतं. दुसऱ्या दिवशी त्या गिझरची तार मी बॅटरीच्या बाजूने काढून टाकली.

मेसेज लिहिणारा आणि सोलर विकणारा दोघेही इथेच फसवतात. दोघेही धरून चालतात की गॅस सोडायचा म्हणजे पाणी बॅटरीवर तापवायचं. कशाला? थोडा हिशेब बघा. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला चार युनिट लागतात. म्हणजे चांगल्या इन्सुलेशनची शंभर लिटरची टाकी ही माझ्या त्या लाखभर रुपयांच्या बॅटरीच्या जवळपास जाणारी साठवण झाली, तिच्या पाव किमतीत. त्यात गार पाणी मिसळलं की आंघोळीजोग्या अकरा बादल्या होतात. पाणी दुपारी तापवायचं, ऊन असताना, आणि वापरायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. छपरावरच्या काचनळ्यांच्या सोलर वॉटर हीटरने तापवा, नाहीतर साध्या टाकीच्या गिझरला टायमर लावून दुपारी बारा ते दोन चालवा. मी दुसरं करतो. हॉटेलवाल्यांसारखा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालणारं यंत्र, बसवलात तर एका युनिटात तीन युनिटांची उष्णता मिळते, पण चार माणसांच्या घराला तो खर्च जड जातो. बॅटरी ठेवावी दिव्यापंख्याला. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, तेही पॅनलच्या संचाला. बॅटरीचे पैसे आपल्याच खिशातून जातात. मग ती पाणी उकळायला का झिजवायची?

आमच्या आजीच्या न्हाणीत चुलीवर कायमचं बसवलेलं तांब्याचं भाण होतं. पहाटे चुडतं आणि नारळाची सोडणं सरकवून एकदा तापवलं की दुपारच्याला शेतातून आलेल्या माणसालाही कढत पाणी मिळायचं. उष्णता पाण्यात साठवायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

'बॅटरी दोन वर्षांत भंगार' हा अनुभव खोटा नाही, पण तो शिशाच्या बॅटरीचा आहे. माझ्याही घरी आधी तीच होती. विक्रेत्याने ती कोंदट कोठीत ठेवून दिली, पाणी घालायचं राहून गेलं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती मेली. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी तीन ते सहा हजार वेळा भरली-रिकामी झाली तरी चालते. रोज एकदा धरलं तर आठ वर्षांच्या पुढे. पेटण्याचं म्हणाल तर 2022च्या उन्हाळ्यात ज्या विजेच्या स्कूटर जळल्या, त्यांत बहुतांशी वेगळी, निकेल-कोबाल्टची रसायनं होती. फॉस्फेटची बॅटरी बिघडली तरी त्या मानाने सावकाश तापते. तरीही ती शेगडीजवळ, झोपायच्या खोलीत किंवा ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये.

जर्मनीबद्दल दोन वाक्यं पुरेत. तिथली निम्म्याच्या आसपास घरं आजही गॅसनेच तापतात, म्हणजे गॅस सुटलाच नव्हता तर परतणार कुठून. आणि 2024 संपताना तिथली सोलरची क्षमता 100 गिगावॉटच्या घरात पोचली होती. त्यांची अडचण अशी की उष्णता सर्वांत जास्त लागते ती डिसेंबरात, जेव्हा बर्लिनला दुपारी चारला काळोख होतो. आपला डिसेंबर म्हणजे स्वच्छ निळं आभाळ, आणि हीटर लावून पणजीत कोण बसतं?

राहिला बिनधोक गॅस गिझर. इथे मात्र मला हसू येत नाही. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. माणसाला गुंगी येते, दाराची कडी काढायचंही सुचत नाही. गॅस गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर बसवा; ते जमेपर्यंत खिडकी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. आणि हो, 'बॅटरीची कटकट नको' म्हणणाऱ्यांनी आपल्या गॅस गिझरखालचं झाकण उघडून बघावं. ठिणगी पाडायला आत दोन टॉर्चचे सेल असतात.

मावसभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याची अडचण मेसेजात नव्हतीच. त्याचं घर मंगळुरी कौलांचं, आणि दक्षिणेला तीन माड. माडाची सावली एका पॅनलवर पडली तरी त्याच्याशी एका माळेत जोडलेल्या सगळ्यांची वीज उतरते, शिवाय वरून नारळ पडला तर काच किती सोसेल ते निराळंच. विक्रेता त्याला म्हणाला होता, माड कापून टाका. गोव्यात 2016 साली कायद्याने माडाला झाडांतून वगळलं होतं आणि पुढच्याच वर्षी तो परत झाड झाला, राज्यवृक्षसुद्धा झाला. मी त्याला म्हटलं, माडाला हात लावू नको. गोठ्याच्या पत्र्यावर उत्तरेकडचा तुकडा दिवसभर उघडा असतो, तिथे दोन किलोवॉट बसतील. रविवारी टेप घेऊन मोजायला जातोय.