दहा बाय दहा

मी पोळपाट, लाटणी, चमचे असल्या लाकडी वस्तू करतो. विकल्या जातात. करायच्या कुठे, हा प्रश्न आहे.

आधी घरच्या गॅलरीत करायचो, तिसऱ्या मजल्यावर. लाकूड घासायचा सँडर सुरू झाला की खालचे आजोबा कानातलं मशीन काढून खिशात ठेवायचे. एकदा वरणात भुसा निघाला. बायको शांतपणे म्हणाली, "शिसव आहे की सागवान?" तिच्या त्या शांतपणाला घाबरून मी जागा शोधायला बाहेर पडलो.

आमच्या इंदूरच्या सांवेर रोडला, कारखान्यांत एक शेड पाहिली. आत विमान उभं राहिलं असतं. मला हवी दहा बाय दहा. मालक म्हणाला, "भिया, टुकड़े में नहीं देते." मल्हारगंजात दुकानाचा गाळा होता, पण भाडं ऐकल्यावर वाटलं, लाटणी चंदनाची करावी लागतील.

मग एका चकचकीत को-वर्किंग ऑफिसमध्ये गेलो. मी विचारलं, "राउटर चालेल ना?"

"आमच्याकडे आहे ना, सर!"

"माझा लाकूड कोरायचा आहे, मिनिटाला तीस हजार फेरे घेतो."

"आमचाही स्पीड छान आहे, सर."

कॉफी पिऊन (फुकट होती) निघालो.

शेवटी रामबागेतल्या काकूंची ओसरीलगतची खोली आठवली. जाताना मनाशी भाषणच तयार केलं: आपल्या सराफ्यात बघा, दिवसा सोनं, रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस नि थंडीत तळलेला गराडू कंद. एक जागा, दोन पाळ्या, सगळे खूश.

काकूंना पटलं. "पण बाळ, सकाळी तिथे माझे पापड वाळतात. दुपारी ह्यांची वामकुक्षी. पाचला भजनी मंडळ. रात्री नातवाचा अभ्यास, बारावी आहे त्याची."

"मग माझी पाळी?"

"चार ते पाच आहे की! भाडं मात्र पुऱ्या महिन्याचं हं."

घेतली. काय करणार? हत्यारं मांडायला वीस मिनिटं, भुसा झाडायला वीस. काकू स्वतः खाली वाकून तपासतात. उरलेल्या वीस मिनिटांत जे होईल ते काम. आठवडाभरात एक उलथनं झालं. कड जरा घासायची राहिली होती, पण दांडा हातात बसत होता.

"अगोबाई, माझ्यासाठी केलंस?" म्हणत काकूंनी ते उचललं आणि पापड उलटायला घेतले.