बाली : पुण्य फोनपुरतंच

बालीला निघालात? मग देवळांचा अभ्यास करत बसू नका, फोन चार्ज करा. परदेशी पाहुण्यांना 14 फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख इंडोनेशियन रुपिया पर्यटन कर आहे. तेवढा भरला की बेट आपल्या नावावर झालं असं समजून चाला.

आधी लेम्पुयांग मंदिर. दुभंगलेल्या दरवाजात तुम्ही, मागे अगुंग ज्वालामुखी, पायाशी नितळ तळं. तळं अर्थात नाहीच. फोटो काढणारा फोनच्या भिंगाखाली आरसा आडवा धरतो. त्या आरशासाठी नंबर लावून तासन्‌तास बसायचं. याच देवस्थानाचं सर्वांत वरचं मंदिर डोंगरमाथ्यावर आहे, सुमारे 1,700 पायऱ्या चढून. तिकडे फिरकू नका, तिथे आरसा नाही.

तीर्ता एम्पुलला मात्र पाण्यात उतराच. दहाव्या शतकापासूनचा पवित्र झरा आहे, पण ते विसरा. लोक आधी चानांग, म्हणजे नारळाच्या पानाच्या द्रोणातली फुलं, वाहतात, लुंगीसारखं सारोंग आणि कमरेचा शेला बांधून उतरतात, डावीकडच्या धारेपासून एकेक धार डोक्यावर घेत पुढे सरकतात. त्यातल्या दोन धारा मृतांच्या विधींसाठी राखीव, म्हणून त्या सोडतात. तुम्ही कशाला सोडायच्या? तिकीट सगळ्या धारांचं काढलंय. मागे रांग तुंबली की समजा, फोटो चांगला येतोय.

तानाह लोतला ऐन भरतीला पोहोचा आणि मंदिरापर्यंत जाता येत नाही म्हणून रागवा. ओहोटीला गेलात तर खडकाच्या पायथ्याशी पुजारी गोड्या झऱ्याचं पाणी देतात, कपाळी तांदूळ लावतात. वर मंदिरात तेव्हाही सोडत नाहीत. आणि ‘अस्सल प्राचीन’ म्हणत ज्या खडकावर हात ठेवाल तो कृत्रिमही असू शकतो. लाटांनी कडा ढासळू लागल्यावर जपानच्या कर्जातून डागडुजी झाली, तेव्हा बराच भाग नव्याने घडवला गेला.

उलुवातू मंदिरात चष्मा सैल ठेवा. तिथली माकडं तो पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच परत करतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं की वयात आलेली माकडं माणसाला मौल्यवान वाटणारी वस्तूच हेरतात आणि तिच्यासाठी जास्त वसूल करतात. दोरीने चष्मा बांधून या हुशारीचा अपमान करू नका.

पवित्र वृक्ष दिसला की कपडे उतरवून बिलगा. 2022 मध्ये तबानान जिल्ह्यातल्या 700 वर्षांच्या झाडाशी एका पाहुणीने हे करून दाखवलं. परतीच्या प्रवासाची सोय सरकारनेच केली, हद्दपारीच्या आदेशासह.

आणि विमानाचं तिकीट न्येपीचंच, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौनदिवसाचंच काढा. त्या दिवशी सकाळी सहापासून 24 तास विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे बंद. हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही, बाहेर पेचालांग, म्हणजे गावचे पारंपरिक रखवालदार, गस्त घालतात. रात्री फोनचा उजेड खिडकीत दिसला, तर तेही दार ठोठावतील.